बाळाचं वजन झालं, बाळंतिणीला कोण विचारणार?

राळेगाव तालुक्यात कोणाच्याही घरी लेकरू जन्मलं की आशाताई घरी येते. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, म्हणजे सहा वेळा. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन होतं, काखेत थर्मामीटर लागतो, नाळ पाहिली जाते, दूध ओढते का विचारलं जातं. आईलाही ताप आहे का, अंगावरून किती जाते, दिवसातून किती वेळा जेवते, हे विचारतात. फॉर्म भरला, सही झाली, ताई पुढच्या घरी.

हे चांगलं काम आहे, आणि ते आपल्या विदर्भातूनच देशात गेलं आहे. गडचिरोलीच्या गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे तेच काम सरकारी कार्यक्रम झालं.

पण सहा भेटींत त्या बाळंतिणीला एक प्रश्न कोणी विचारत नाही. "बाई, तुझं मन कसं आहे?"

आजची पोस्ट त्याच एका प्रश्नावर आहे. लांब आहे, पण ज्यांच्या घरी सून, लेक, बहीण बाळंतीण आहे किंवा होणार आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी हे समजून घेऊ

बाळंतपणानंतर रडू येणं हे बहुतेक बायकांना होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं. उगीच डोळे भरून येतात, चिडचिड होते, मध्येच हसू येतं. आराम, जेवण आणि माणसांचा आधार मिळाला की दहा-पंधरा दिवसांत हे आपोआप जातं. याला औषध लागत नाही.

दुसरा प्रकार यापेक्षा वेगळा. दोन आठवडे उलटले तरी मन उठत नाही. कशात जीव लागत नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही. भूक मेली. मी चांगली आई नाही, माझ्यामुळेच सगळं बिघडलं, असे विचार डोक्यात फिरत राहतात. काही जणींना बाळाबद्दल काहीच वाटेनासं होतं, आणि त्याचीच लाज वाटून त्या आणखी गप्प होतात. हे बाळंतपणानंतरचं नैराश्य. हा आजार आहे आणि तो बरा होतो. पण तो स्वतःहून जाईल म्हणून वाट पाहण्यासारखा नाही.

तिसरा प्रकार दुर्मिळ, हजारात एखाद-दोन बाळंतिणींना होणारा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाई असंबद्ध बोलायला लागते, नसलेले आवाज ऐकू येतात, रात्र-रात्र जागी राहते, कोणीतरी बाळाला मारणार आहे असा संशय घेते. यात थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हृदयविकाराच्या झटक्याला जशी घाई करतो तशी.

गंमत बघा, आशाताईच्या फॉर्ममध्ये "आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का" असा प्रश्न आहे. म्हणजे हजारातल्या एकीला पकडायची सोय आहे. पण जी काहीच बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, तिच्यासाठी रकाना नाही. आणि अशा बायका कितीतरी पट जास्त आहेत.

किती जास्त?

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मिळून २०,०४३ बाळंतिणी. त्यातल्या सरासरी २२ टक्के बायकांमध्ये नैराश्य आढळलं. म्हणजे पाचातली एक. आपल्या गल्लीत मागच्या वर्षी पाच बारशी झाली असतील, तर त्यातलं एक घर डोळ्यासमोर आणा.

आता कोणी म्हणेल, हे शहरातल्या बायकांचे लाड. आमच्या आया-आज्या वावरातून येऊन बाळंत झाल्या, तिसऱ्या दिवशी कामाला लागल्या, त्यांना नाही कुठलं नैराश्य आलं. त्यांना एवढंच सांगतो, की त्या आज्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे नव्हतं असं होत नाही. गावागावांत "बाळंतपणात बिघडली", "तिले बाहेरचं लागलं", "बाळंतपणापासून तिचं डोस्कं ठीक नाही" अशा बायकांच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. त्या गोष्टी कुठून आल्या?

गोव्यातला अभ्यास, जो आपल्या घरालाही लागू पडतो

या विषयावर आपल्याकडचा सगळ्यात नेमका अभ्यास शेजारच्या गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी सरकारी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाठलं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी त्यांच्याशी बोलले. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या चार गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

एक, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ५९ बायकांना, म्हणजे २३ टक्के जणींना नैराश्य होतं.

दोन, त्यातल्या ७८ टक्के बायकांचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. म्हणजे आजार बाळंतपणानंतर अचानक आभाळातून पडत नाही. नऊ महिने तो समोर असतो, आपण बघत नाही.

तीन, निम्म्याहून जास्त बायका सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. "होईल हळूहळू बरी" हा आपला आवडता सल्ला इथे खोटा ठरतो.

चार, आणि ही सगळ्यात कडू. पैशाची तंगी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही दोन मोठी कारणं निघाली. घरात मारहाण किंवा उपासमार असेल तर बाळ मुलगा झाला की मुलगी, यावरून आईवरचा त्याचा परिणाम बदलत होता. देशभराच्या आढाव्यातही जी कारणं पुढे आली ती हीच: पैशाची अडचण, घरातली मारहाण, नवऱ्याशी भांडण, नवऱ्याचा आधार नसणं, आधीचा मानसिक आजार, आणि मुलगी होणं.

पुन्हा वाचा ही यादी. यातली आधीच्या आजाराची एक गोष्ट सोडली तर बाकीच्या सगळ्या घराच्या आणि समाजाच्या आहेत. बाईच्या शरीरात किंवा स्वभावात खोट आहे म्हणून हे होत नाही. शरीराचा भाग आहेच. बाळंतपणानंतर हार्मोन एकदम खाली येतात, रात्रीची झोप तुटते, रक्त कमी असतं, काहींना थायरॉईडचा त्रास सुरू होतो. पण तेच शरीर आधार असलेल्या घरात सावरतं आणि आधार नसलेल्या घरात कोसळतं.

हीच यादी आता राळेगावात आणा

आपला तालुका कापसाचा. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, घरातली सगळी माणसं वावरात. त्या दिवसांत बाळंत झालेली सून दिवसभर घरात एकटी. सव्वा महिना जपायचं ही आपली जुनी रीत, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अंग रगडणं. ती रीत उगीच नव्हती. बाळंतिणीजवळ सतत कोणीतरी असायचं, हा तिचा मोठा फायदा. आता रीत अर्धी उरली. बाहेर जाऊ नको, पाण्यात हात घालू नको ही बंधनं राहिली, आणि सोबत बसणारी माणसं गेली.

वर्ष वाईट गेलं, सोयाबीन बसलं, बँकेचं थकलं, की त्याचा राग कुठे निघतो हे सांगायला पत्रकार लागत नाही. संध्याकाळी दारू पिऊन आलेला नवरा, आणि रडणारं लेकरू, आणि "चूप कर त्याले" म्हणून ओरडणं. हे चित्र वाढोण्यात आहे, वडकीत आहे, खैरीत आहे, आणि राळेगाव शहराच्या पक्क्या घरांतही आहे.

मुलगी झाली की दवाखान्याच्या व्हरांड्यात चेहरे कसे होतात, तेही आपण बघतो. दुसरी मुलगी झाली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत सरकार ६,००० रुपये देतं. सरकारला आनंद आहे, आजीला नाही! आणि त्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बघत बाजेवर पडलेल्या बाईच्या डोक्यात काय चालत असेल, याचा विचार आपण करत नाही.

कोलाम पोडांवरची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या बायकांची घरची बोली कोलामी. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला त्या "हो" किंवा "नाही" म्हणतील, पण मनातलं सांगतील आपल्या बोलीत, आपल्या माणसाला.

शिवाय काही बायकांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आधी कधी नैराश्य किंवा मानसिक आजार झालेली. आधी लेकरू दगावलेली, गर्भ पडलेली. बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलेली. वय कोवळं असताना लग्न झालेली. माहेर तुटलेली. या यादीतलं काहीच नसलेल्या, सुखवस्तू घरातल्या बाईलाही हा आजार होऊ शकतो. म्हणून निवडून चार घरी विचारून भागत नाही, सगळ्यांना विचारावं लागतं.

लेकराचं वजन आणि आईचं मन

ज्यांना आईच्या मनाचं फारसं वाटत नाही, त्यांना लेकराचं तरी वाटेल. गोव्याच्या त्याच अभ्यासातल्या बाळांना सहा महिन्यांनी मोजलं. नैराश्य असलेल्या आयांची बाळं वजनात आणि उंचीत मागे पडलेली जास्त आढळली. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

यात नवल नाही. जिला स्वतः उठून भाकर खायची इच्छा नाही, ती दर दोन तासांनी बाळाला कशी पाजणार? लसीचा दिवस कसा लक्षात ठेवणार? आपण कुपोषणावर बैठका घेतो, अंगणवाडीत पोषण आहार वाटतो, बाळाचं वजन लाल पट्ट्यात गेलं की आईला झापतो. तिला झापण्याआधी दोन प्रश्न विचारले तर कदाचित कारण तिथेच सापडेल.

विचारायचं म्हणजे काय विचारायचं?

१९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. 'एडिनबरा' नावानं ती जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, विनाकारण स्वतःला दोष देता का, उगीच भीती वाटते का, कामं अंगावर आल्यासारखी वाटतात का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. त्याचं उत्तर "हो" आलं तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्या बाईला एकटं सोडायचं नाही.

या यादीत थकवा, अंगदुखी यावर भर नाही. कारण प्रत्येक बाळंतीण थकलेलीच असते. थकव्यावरून नैराश्य ओळखायला गेलो तर सगळ्याच आजारी ठरतील.

दहा प्रश्न जास्त वाटत असतील तर दोन आहेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, खचल्यासारखं राहिलं का? कशातच मन लागेनासं, आनंद वाटेनासा झाला का? ब्रिटनच्या आरोग्य सेवेला २००७ मध्येच अशाच दोन प्रश्नांची शिफारस झाली, की गरोदर आणि बाळंतिणीला हे विचारा. आपल्या भाषेत, "बाई, कायच्यात मन लागते का? लेकराले घ्यावंसं वाटते का?" इथून सुरुवात केली तरी चालेल.

एक लक्षात ठेवा, या प्रश्नांनी आजाराचं निदान होत नाही. ही चाळणी आहे. गव्हातले खडे वेगळे काढते, दळण नंतरचं. "हो" म्हणणाऱ्या सगळ्यांना आजार नसतो. पण कोणाला डॉक्टरांनी बघायला हवं, एवढं तिनं कळतं.

प्रश्न आहेत, पण चुकीच्या फॉर्मवर

आता मुद्द्याची गोष्ट. हे दोन प्रश्न आपल्या आशाताईकडे आधीच आहेत! बीपी, शुगर, कॅन्सर यांसाठी ती गावात जो फॉर्म भरते, ज्याला 'सीबॅक' म्हणतात, त्यात शेवटी हेच दोन प्रश्न छापलेले आहेत. बेरीज जास्त आली तर पुढे पाठवा, असंही लिहिलेलं आहे.

पण तो फॉर्म तीस वर्षांवरच्या माणसांसाठी आहे. आपल्या तालुक्यातल्या किती बाळंतिणी तीस वर्षांच्या वर असतात? वीस, बावीस, पंचवीस. म्हणजे सासूला विचारलं जातं, "मन उदास राहते का?" आणि बाजूच्या खोलीत बाळ घेऊन बसलेल्या सुनेला विचारलं जात नाही.

दुसरं उदाहरण. २०१५ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. तणावात असलेला शेतकरी आशाताईनं ओळखायचा, त्याला समुपदेशनापर्यंत न्यायचं, अशी ती कल्पना. चांगली आहे, हवीच होती. पण कर्जाचा ताण एकाच माणसाच्या डोक्यावर असतो का? त्याच घरात, त्याच छपराखाली, त्याच कर्जाखाली त्याची बाळंतीण बायको असते. ताई त्याच दारात उभी असते. प्रश्न एकालाच.

म्हणजे माणूस आहे, भेट ठरलेली आहे, प्रश्न छापलेले आहेत, दार उघडं आहे. फक्त एका फॉर्ममधले दोन प्रश्न दुसऱ्या फॉर्ममध्ये आणायचे आहेत. यासाठी इमारत लागत नाही, टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच कोणाला घाई नाही.

विचारून उपयोग काय, उपचार कुठे आहे?

हा प्रश्न रास्त आहे. विचारायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, यापेक्षा न विचारलेलं बरं. पण उपचार म्हणजे फक्त मानसोपचारतज्ज्ञ असं नाही.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईसारख्याच आरोग्यसेविकांना समुपदेशन शिकवलं. त्या गरोदरपणापासून नैराश्य असलेल्या बायकांच्या घरी जाऊन बोलायच्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा, ज्यांच्याकडे हे समुपदेशन पोहोचलं त्यांच्यात २३ टक्के आजारी उरल्या. ज्यांच्याकडे साध्याच भेटी झाल्या त्यांच्यात ५३ टक्के. २००८ चा हा अभ्यास. पुढे गोव्यात 'संगथ' संस्थेनं हीच पद्धत गावातल्याच साध्या बायकांकडून करून पाहिली, तिथेही बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

आणि फार लांब कशाला, आपला अमरावती जिल्हा घ्या. 'विश्राम' प्रकल्पात तिथल्या ३० गावांत गावातल्याच माणसांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ही आपल्यासारखीच कापसाची, कर्जाची गावं. तिथे जमलं ते इथे न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

ज्यांना औषध लागतं त्यांच्यासाठी औषध आहे. बाळाला पाजत असताना चालतील अशी औषधं असतात. कोणती, किती, हे डॉक्टर ठरवतील. मनानं सुरू करायची नाहीत, आणि मनानं बंदही करायची नाहीत. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्धेकडे जाणाऱ्यांना सेवाग्राम आणि सावंगी आहे. दाखल करावं लागलं तर बाळाचं काय, ही भीती असते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, की तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये. हा हक्क आहे, मागून घ्या.

आशाताईंवर आणखी एक काम?

हा आक्षेप मला मान्य आहे. सर्वे आला की आशा, लस आली की आशा, कार्ड काढायचं की आशा. मोबदल्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा मोर्चे काढावे लागतात. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये मिळतात. त्यामुळे हे काम द्यायचं तर त्याचा मोबदला द्या, आधी नीट प्रशिक्षण द्या, आणि जी ताई दुसऱ्यांचं दुःख ऐकून घरी जाते तिच्याशीही कोणीतरी बोला. फुकटात "सेवा" म्हणून गळ्यात टाकू नका.

दुसरी अडचण खरी आहे. घरात सासू समोर, नवरा दारात, आणि ताई विचारते, "मन कसं आहे?" सून काय सांगणार! "बरं आहे" म्हणणार. म्हणून हा प्रश्न एकटीत विचारायला हवा. बाळाचं वजन करताना सासूबाईंना पाणी तापवायला पाठवता येतं, हे आपल्या ताईंना शिकवावं लागत नाही. आणि तिनं जे सांगितलं ते गावात फिरणार नाही, याची खात्री हवी. एकदा एका घरची गोष्ट बाहेर आली की पुढची शंभर घरं बंद झाली म्हणून समजा.

मागण्या, तालुक्यातच होतील अशा

१. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. बीपी, हिमोग्लोबिन, वजनासोबत हे दोन प्रश्न त्याच दिवशी विचारा. गोव्यातल्या ७८ टक्क्यांचा धडा हाच आहे.

२. ४२ व्या दिवसाच्या भेटीत आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीला पुन्हा विचारा. लसीला आई येतेच. वेगळी फेरी नको.

३. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या वजनाजवळ एक खूण पुरे, "आईशी बोलणं झालं". उत्तर कार्डावर लिहू नका, कार्ड सगळं घर बघतं.

४. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा माणूस राळेगावच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी, किती वाजता भेटेल, ते मोठ्या अक्षरात दर्शनी भागात लिहा. आणि त्या वारी तो भेटला पाहिजे.

५. कोलाम पोडांवर कोलामी बोलणाऱ्या बाईकडूनच हे प्रश्न विचारले जावेत.

६. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपले लोकप्रतिनिधी रस्त्याचं भूमिपूजन करतात, त्यातल्या एकानं तरी हा विषय मांडावा.

केरळात 'अम्मा मनस्स' नावानं सरकारी यंत्रणाच गरोदर आणि बाळंतिणींच्या मनाची विचारपूस करते. जे तिथे सरकारी कर्मचारी करू शकतात, ते आपले का करू शकणार नाहीत?

घरात आपण काय करायचं?

सरकार जागं होईपर्यंत थांबू नका.

नवऱ्यांनो, रात्रीचं एक लेकरू-उठवणं तुमच्याकडे घ्या. तिला सलग चार तास झोप मिळाली तरी फार फरक पडतो. मुलगा-मुलगी ठरवण्यात आईचा हात नसतो, बापाकडून येणाऱ्या बीजावर ते ठरतं. हे आईसमोर एकदा मोठ्यानं बोला.

सासूबाईंनो, "आम्ही नाही का पोरं काढली" हे वाक्य या सव्वा महिन्यात तरी गिळून टाका. त्याऐवजी "तू जेवली का?" एवढंच विचारा. आणि तिची आई चार दिवस राहायला येते म्हणाली तर येऊ द्या.

नजर काढायची तर काढा, त्यानं नुकसान नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. आणि "बाहेरचं" म्हणून कोणाकडे नेऊन बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

दोन आठवड्यांवर उदासी राहिली तर दवाखाना. मरणाच्या गोष्टी बोलते, "मी नसले तर बरं होईल" म्हणते, बाळाला काही करून बसेन अशी भीती वाटते म्हणते, किंवा भलतंच बोलायला लागते, तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर तिला एकटी ठेवायचं नाही. ती नाटक करत नसते.

टेलिमानस १४४१६ हा सरकारचा फुकट नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. गाडी लागली तर १०८. नंबर भिंतीवर लिहून ठेवा, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच.

शेवटचं. बाळंत झालेल्या एखाद्या तरुण बाईनं जीव दिला की बातमीत "कौटुंबिक कारण" किंवा "आजाराला कंटाळून" एवढे दोन शब्द येतात. पोलिसांच्या कागदावरही तेच. आठ दिवस गावात चर्चा, नवऱ्याकडे बोट, सासूकडे बोट, मग सगळं शांत. त्या बाईच्या घरी मागच्या सव्वा महिन्यात सरकारी माणूस सहा वेळा येऊन गेलेला असतो. बाळाचं वजन नोंदलेलं असतं, ग्रॅममध्ये.

आपल्या वॉर्डातल्या आशाताईला ही पोस्ट दाखवा आणि तिला काय अडचण येते ते तिच्याकडूनच ऐका. ग्रामीण रुग्णालयाच्या पुढच्या बैठकीला मी हा विषय निवेदन म्हणून देणार आहे. सोबत सही करायला कोण येतंय ते सांगा. सही करायला घरातल्या बायकांनाही आणा.